सांगलीहून गदगकडे : बंद सोनेखाणींचा पट्टा तपासायची पद्धत

विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, खटाव, माण या भागातल्या गलाईवाल्यांना (सोनं-चांदी गाळणाऱ्यांना) सोनं कळतं ते मुशीत उतरल्यापासून पुढचं. दगडातलं सोनं हा वेगळा हिशोब. दुकानात मिलिग्रॅमचा फरक पडला तरी आपण दोनदा तोलतो, आणि इथे टनभर दगडात ५ ग्रॅम निघाले तर खाण चांगली म्हणतात. एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, मिळवायला असा २.३ टन दगड फोडावा लागतो, तोही कणन् कण हाती लागला तर.

आपल्या काळ्या दगडात सोनं नाही, हे आधी स्पष्ट. सह्याद्रीचा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांचा. दक्षिणेतलं सोनं आहे धारवाडी शिस्टमध्ये, म्हणजे जुन्या पापुद्र्यापापुद्र्याच्या खडकात, ज्याचं वय २५० कोटी वर्षांच्या पुढे. त्यातला आपल्याला जवळचा पट्टा गदगचा. मिरजेहून गाडीत बसलं की बेळगाव, लोंढा, हुबळी करत गदग. कप्पतगुड्डाच्या डोंगरात आणि आसपास होसूर, कबुलायतकट्टी, अत्तिकट्टी अशी जुनी कामं आहेत. त्यांच्या यादीत ‘सांगली माइन’ हे नाव वाचून दचकायला नको : आज गदग जिल्ह्यात असलेला शिरहट्टी तालुका सांगली संस्थानात होता. तिथल्या ओढ्यांची रेती धुऊन सोनं काढणारे ते जालगार. सराफकट्ट्यातली माती धुणारे आपले झारेकरी त्यांचेच व्यवसायबंधू म्हणायचे.

कागद आधी, कुदळ नंतर

पहिले दोन-तीन महिने घरी बसूनच काम करायचं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे जुने-नवे अहवाल आणि नकाशे ‘भूकोश’वर आणि राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडाराच्या संकेतस्थळावर मिळतात. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७४ मध्ये या डोंगरांतल्या सोन्याच्या खडकांवर लिहून ठेवलंय, सुरुवात तिथून करा. मग जुन्या कंपन्यांचे खाण-नकाशे शोधा. त्यातला सगळ्यात मोलाचा म्हणजे उभा छेद : किती खोलीवर कोणती पातळी, कुठला भाग खणून रिकामा झाला, कुठे सोडून दिला. हा छेद नसेल तर बंद खाणीबद्दल बोलणं म्हणजे आंधळी कोशिंबीर.

जुने आकडे जसेच्या तसे उचलू नका. त्या काळी प्रत, म्हणजे टनभर दगडातलं सोनं, पेनीवेट या इंग्रजी वजनात देत, आणि टन असायचा १,०१६ किलोचा. म्हणून १ पेनीवेट म्हणजे आजच्या हिशोबात टनाला १.५३ ग्रॅम. खोली फुटांत दिलेली असते, पण ती उभी मोजलीय की शिरेच्या उतारावरून, हे पाहावं लागतं. ६० अंशाच्या शिरेवर ५०० फूट उतरलं तर उभी खोली ४३३ फूटच भरते. नकाशातही खोच आहे. जुने नकाशे एव्हरेस्ट मापनावर (पृथ्वीच्या आकाराचा जुना हिशोब) आणि मोबाइल वेगळ्या मापनावर चालतो. रूपांतर न करता जागा टाकली तर कित्येकदा शंभर मीटरहून जास्त चुकते, आणि माणूस शाफ्ट (खाणीत उतरायची उभी विहीर) शोधत भलत्याच बांधावर फिरत बसतो.

अहवाल कोणी लिहिला हेही बघा. १८८० च्या सुमारास वायनाड-देवाला भागात सोन्याच्या कंपन्यांचं पेव फुटलं, लंडनमध्ये शेअर विकले गेले आणि काही वर्षांतच सगळं कोसळलं. शेअर विकायला लिहिलेल्या अहवालात नमुना नेहमी शिरेच्या सर्वांत श्रीमंत जागेचा असतो. उलट बाजूला हट्टी. रायचूर जिल्ह्यातली ही खाण १९२० मध्ये बंद पडली, १९४७ मध्ये नव्या कंपनीच्या हाती आली आणि आजही चालू आहे. तिथले दोन हजार वर्षांपूर्वीचे लोक आग पेटवून दगड तडकवत दोनशे मीटरच्या आसपास खोल गेले होते. जवळच्या मस्कीचा अशोकाचा शिलालेखही १९१५ मध्ये सोनं शोधत फिरणाऱ्या एका खाण-इंजिनिअरलाच सापडला. बंद पट्टा पुन्हा उभा राहू शकतो तो असा. पण कोलारही लक्षात ठेवा : सुरुवातीला टनाला ४० ग्रॅमच्या वर देणारी खाण तीन किलोमीटरच्या खाली गेली, प्रत घसरत गेली, खर्च आणि खडकस्फोट (दाबाने खडक अचानक फुटणं) वाढत गेले आणि २८ फेब्रुवारी २००१ ला टाळं लागलं. तुमच्या पट्ट्यातली खाण कशाने बंद पडली : सोनं संपलं, पाणी आवरेना, भांडवल आटलं की भाव पडला? यातली शेवटची तीन कारणं असतील तरच पुढे वाचा.

परवानगी

सोनं सरकारी खनिज आहे. शेत तुमच्या नावावर असलं तरी खालचं सोनं तुमचं नाही. १९५७ च्या खाण-खनिज कायद्यानुसार परवान्याशिवाय शोधकामही करता येत नाही, आणि २०१५ पासून परवाने लिलावानेच मिळतात. २०२३ च्या दुरुस्तीने खोलवरच्या खनिजांसाठी वेगळा शोध-परवाना आला. त्याच्या यादीत सोनं आहे. गदगपुरती आणखी एक भिंत : कप्पतगुड्डा २०१९ पासून अभयारण्य आहे. तिथे खोदकाम तर नाहीच, ओढ्यात परात घेऊन बसणंही गुन्ह्यात जाईल. वनखात्याच्या परवानगीने वाटा, जुनी बांधकामं आणि शाफ्टच्या जागा नोंदवता येतील. पट्ट्याला नवं आयुष्य मिळण्याचा तोही एक रस्ता आहे, आणि आम्हाला विचाराल तर कप्पतगुड्ड्यात तोच योग्य. खालची नमुने घेण्याची पद्धत परवानाधारक कंपनीबरोबर किंवा मान्यताप्राप्त शोधसंस्थेबरोबर काम करणाऱ्यांसाठी आहे.

पायी फिरताना

सोन्याची शीर म्हणजे गारगोटीचा पट्टा, बहुतेक वेळा उत्तर-वायव्येकडून दक्षिण-आग्नेयेकडे जाणारा. चालायचं त्याला आडवं, दर शंभर मीटरवर एक फेरी. जुने खड्डे एका ओळीत असतात. दोन खड्ड्यांमध्ये मोठी रिकामी जागा दिसली तर तिची नोंद करा : शीर तिथे संपली असेल, नाहीतर मातीखाली दबली असेल. खडकातले वाटोळे गुळगुळीत खळगे उखळासारखे दिसतात. दगड कुटून धुण्याची ती जागा. मळीचे (दगड दळून सोनं काढल्यावर उरलेल्या गाळाचे) सपाट ढीग, गिरणीचे चौथरे, चुन्याच्या टाक्या हेही नकाशावर टाका.

शुभ्र दुधी गार बहुतेक वांझ निघते. निळसर-राखी, तेलकट चमकेची, आत काळ्या रेघा असलेली गार उचला. तिचा चुरा परातीत धुतला की तळाशी काळी रेघ राहते आणि रेघेच्या टोकाला पिवळा कण. तो सोन्याचा असेल तर सावलीतही पिवळाच दिसतो, आणि सुईने दाबला तर चपटा होतो. सोनमाखी (पायराइट, लोह-गंधकाचं खनिज) उन्हात चकाकते, सावलीत काळवंडते आणि सुईखाली कुडकन फुटते. अभ्रक तर पाण्याबरोबर वाहूनच जातं.

शाफ्टपासून लांब

जुन्या विहिरीतला गाळ काढायला एक उतरला, तो पडला म्हणून दुसरा उतरला, आणि दोघेही गेले, अशी बातमी दरवर्षी येते. बंद शाफ्टमध्ये तेच होतं. कार्बन डायऑक्साइड जड असल्याने तळाशी साचतो, आणि सडलेलं लाकूड व गंजणारी खनिजं ऑक्सिजन खातात. कंदील खाली सोडून बघण्याची युक्ती धोक्याची, कारण ऑक्सिजन १६-१७ टक्क्यांवर येईपर्यंत ज्योत तेवत राहते. हवेत तो २०.९ टक्के असतो, मीटरवर १९.५ च्या खाली आकडा दिसला की माघार. चार वायू मोजणारं यंत्र दोरीने खाली सोडायचं, माणूस नाही. शाफ्टच्या तोंडाची माती आतून पोखरलेली असते, म्हणून काठावर वाकून फोटो काढू नका. आतली जमीन हाही सापळा : खणून रिकाम्या झालेल्या पोकळीवर फळ्या टाकून वर दगड पसरलेले असतात, आणि शंभर वर्षांत फळ्यांचा भुसा होतो. जुनी सुरुंगाची कांडी दिसली, तिच्यावर घाम आल्यासारखे थेंब असले, तर हात न लावता मागे फिरा आणि पोलिसांना कळवा. आत जायचंच तर ते खाण-सुरक्षा संचालनालयाच्या नियमांनी, पात्र खाण-व्यवस्थापकाच्या हाताखाली.

नमुना

शिरेला आडवी खाच मारायची : १० सेंटीमीटर रुंद, अडीच खोल, जास्तीत जास्त एक मीटर लांब. पूर्ण मीटरभर खाचेतून सुमारे पावणेसात किलो माल निघाला पाहिजे. चार किलोच भरला तर छिन्नीने मऊ भाग घेतला आणि कठीण सोडला असं समजा. सोनं कधी मऊ भागात, कधी कठीण भागात असतं. आकडा दोन्ही वेळेला खोटा येतो. शिरेच्या दोन्ही बाजूंच्या खडकाचे नमुने वेगळ्या पिशव्यांत ठेवा.

सगळा माल २ मिलिमीटरपर्यंत फोडा, ढीग करून चपटा करा, चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा. असं करत एक किलोवर या. तो एक किलो इतका बारीक दळा की ८५ टक्के ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून उतरेल. चाळणीवर जे उरतं ते फेकू नका, कारण सोनं दळत नाही, चपटं होऊन वरच बसतं. खसखशीच्या निम्मा, अर्ध्या मिलिमीटरचा, एक कण तपासणीच्या ३० ग्रॅमच्या पुडीत आला तर अहवालात टनाला ४२ ग्रॅम छापून येतात. शेजारच्या पुडीत शून्य. म्हणून एका आकड्यावर कोणी हुरळू नये.

दर वीस नमुन्यांत एक कोरा (सोनं नसलेला), एक दुबार (त्याच मालाचा दुसरा) आणि एक आधीच माहीत असलेल्या प्रतीचा घाला. कोऱ्यासाठी आपल्याकडची काळी खडी उत्तम. आधी प्रयोगशाळेत तपासून घेतलेली. कोऱ्यात सोनं दिसलं की त्या दिवशीची सगळी खेप परत करायची.

मूस, मुर्दाडशिंग आणि दुकानातली धूळ

दळलेल्या दगडातलं सोनं आता भट्टीत मोजायचं. इथे गलाईवाल्याचा हात सरावाचा आणि म्हणूनच चुकायला सोपा. गारेच्या ३० ग्रॅम भुकटीला मुर्दाडशिंग (शिशाचा ऑक्साइड) ६० ग्रॅम, धुण्याचा सोडा ३० ग्रॅम, टाकणखार १० ते १५ ग्रॅम आणि गव्हाचं पीठ ३ ग्रॅम. पिठामुळे मुर्दाडशिंगातून शिसं सुटतं, एक ग्रॅमला दहा-बारा ग्रॅम, आणि ते शिसं खाली जाता जाता सोनं गोळा करतं. मूस पाऊणच्या वर भरू नका, मिश्रण उसळून ओतलं जातं. १,०५० ते १,१०० अंशांवर तासभर. शिशाची गोळी २५ ते ४० ग्रॅमची हवी. त्याहून लहान गोळीने सोनं मागे सोडलेलं असतं. सोनमाखी असलेल्या दगडात गंधकामुळे गोळी भलती मोठी येते; तिथे पीठ बंद करून थोडा शोरा घालतात, एक ग्रॅम शोरा चारेक ग्रॅम शिसं कमी करतो. सोमलाचा (आर्सेनिकचा) दगड असेल तर घरच्या भट्टीचं नावच काढू नका, तो धूर विषारी आहे. शिशाची वाफही तशीच, म्हणून खेचणारा पंखा आणि उंच धुराडं हवंच, आणि घरातली लहान मुलं त्या आवारात नकोत.

गोळी हाडाच्या राखेच्या कुपीत ९५० अंशांवर ठेवायची. कुपी शिसं पिते, मणी उरतो. वर पिवळी साय धरून गोळी गोठली तर भट्टी थंड आहे. झाकून उष्णता वाढवा. मण्यात चांदी सोन्याच्या तिपटीहून कमी असेल तर तेजाब (नायट्रिक ॲसिड) चांदी पूर्ण काढत नाही, म्हणून सुरुवातीलाच ५ ते १० मिलिग्रॅम शुद्ध चांदी घातलेली बरी. आधी पातळ गरम तेजाब, मग कडक. एकदम कडक ओतलं तर सोन्याचा भुगा होऊन धुताना जातो. पाणी डिस्टिल्डच घ्या. नळाच्या पाण्यातल्या क्लोराइडने चांदीची दुधी साय बसते.

आता खरी अडचण. टनाला ५ ग्रॅमच्या दगडाच्या ३० ग्रॅम पुडीत सोनं असतं ०.१५ मिलिग्रॅम. दुकानातला काटा ते दाखवतच नाही; मायक्रो-काटा लागतो. आणि दुकानातली धूळ? तिच्यात हजारात एक भाग सोनं असलं, तर ग्रॅमभर धूळ एक मिलिग्रॅम सोनं घेऊन पुडीत पडते आणि वांझ दगड टनाला ३३ ग्रॅमचा होतो. गलाईच्या दुकानात तपासलेला कुठलाही दगड कोलारचाच निघणार. दगडाची भट्टी वेगळ्या इमारतीत, नव्या मुशी, नवे चिमटे, वेगळे कपडे, आणि रोज पहिली मूस कोऱ्या खडीची. मुर्दाडशिंगातही थोडं सोनं-चांदी असतं, तेही या कोऱ्या मुशीत उघडं पडतं.

मळीचा ढीग आणि पाणी

जुन्या पट्ट्यात सगळ्यांत लवकर मोजता येतो तो गिरणीतून टाकलेल्या मळीचा ढीग. कोलारला अशी मळी तीन कोटी टनांच्या वर आहे. दहा मीटरच्या चौकटीत हाताच्या गिरमिटाने तळापर्यंत भोकं पाडा आणि दर मीटरचा नमुना वेगळा ठेवा. ६० बाय ४० मीटरचा, सरासरी ३ मीटर उंच ढीग ७,२०० घनमीटर. घनमीटरला दीड टन धरून १०,८०० टन. टनाला ०.७ ग्रॅम म्हणजे आत साडेसात किलो, ६० टक्के निघालं तर साडेचार. त्यातून सायनाइड प्रक्रिया, अस्तर घातलेलं तळं आणि वीज यांचा खर्च वजा करा. सायनाइडच्या चाचण्या प्रयोगशाळेतच. पाणी जरा आम्लाकडे झुकलं की वायू सुटतो आणि तो मारतो.

शाफ्टमधलं पाणी काढायचं म्हटलं की द्राक्षबागायतदार लगेच मोटारीचा हिशोब करतो. करा. शंभर मीटर उंचीवर ताशी ३५ घनमीटर उपसायला, निम्मी कार्यक्षमता धरून, सुमारे २५ अश्वशक्ती. आत ताशी १५ घनमीटर झरत असेल तर खरी घट २० चीच. साठा ३,००० घनमीटर असेल तर १५० तास. पण घाई नको : भिजून फुगलेल्या भिंतींना इतकी वर्षं पाण्यानेच टेकू दिलेला असतो, पाणी झपाट्याने उतरलं की त्या ढासळतात आणि मोटार गाडली जाते. दिवसाला मीटर-दीड मीटर उतरवा. सुरू करण्याआधी तळापर्यंत वेगवेगळ्या खोलीवरचं पाणी सोमल आणि आम्लासाठी तपासा, कारण वरचं पाणी पावसाचं गोड असतं आणि खालचं नसतं. निकाल आणि प्रदूषण मंडळाची परवानगी हातात येईपर्यंत त्यातला एक थेंबही ओढ्याला किंवा खालच्या शेतात सोडायचा नाही.