टाकीत पेट्रोल कुणाचं? इंधन ब्रँडने वन-मेक रेसिंगचा सीझन प्रायोजित करण्याआधीची तयारी

पुढच्या सीझनसाठी तुम्ही पेट्रोल कंपनीच्या बाजूने एखाद्या वन-मेक, म्हणजे एकाच मॉडेलच्या गाड्यांच्या शर्यत-मालिकेची प्रायोजकता हाताळणार असाल, तर सही करण्याआधी हे वाचा. काही वर्षांपूर्वी हे काम माझ्याकडे होतं. पुण्यात बसून सहा महिने राबले. लोगोचे रंग, ड्रायव्हरांचे सूट, पोडियमची पाटी, एकूण एक गोष्ट तपासली होती. पहिल्या राउंडच्या शुक्रवारी सकाळी दक्षिणेतल्या एका ट्रॅकच्या पॅडॉकमध्ये, म्हणजे टीमच्या तळावर पोचले आणि पाहते तर पिटच्या मागे दुसऱ्याच कंपनीच्या रंगातली बॅरलं ओळीने उभी. बॉनेटवर आमचं नाव, टाकीत त्यांचं पेट्रोल. आयोजकांनी जवळच्या पंपावरून सोय केली होती आणि त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. आमच्या करारात पेट्रोल कोण पुरवणार याची ओळच नव्हती. ती ओळ मी विसरले होते.

म्हणून सगळ्यात आधी हे विचारा: टाकीत पेट्रोल कुणाचं असणार? बजेटच्या पहिल्या बैठकीत विचारा, कराराच्या मसुद्यावर विचारा, स्टिकर छापायला टाकताना विचारा. खाली बाकीचंही लिहिते आहे, पण त्यातलं निम्मं विसरलात तरी निभावेल. हे विसरलात तर बाकीचं सगळं वाया.

वन-मेकमध्ये याचं महत्त्व इतर रेसिंगपेक्षा जास्त का, तर इथे सगळ्यांच्या गाड्या एकाच मॉडेलच्या असतात. इंजिनं सील केलेली, टायर एका कंपनीचे. ड्रायव्हर सोडून काहीही वेगळं नसावं हीच या प्रकाराची अट. म्हणजे पेट्रोलही सगळ्यांना एकच, एका लॉटमधलं. तुम्ही नुसती जाहिरात करत नाही, शर्यतीच्या बरोबरीचा एक भाग पुरवता. जर्मनीत २०१० ते २०१४ फोक्सवॅगनची शिरोको आर-कप बायोगॅसवर चालत होती आणि त्या मालिकेची ओळखच तिचं इंधन होतं. पोर्शेच्या सुपरकपच्या नावात २००७ पासून मोबिल १ आहे. ते नाव एक्सॉनमोबिलच्या इंजिन ऑइलचं, पण २०२१ मध्ये त्याच मालिकेत त्याच कंपनीने एसो नावाचं अक्षय स्रोतांचं रेसिंग इंधन उतरवलं. नाव, तेल, इंधन, सगळं एका घरातलं. आपल्याकडे २०१० साली फोक्सवॅगनची पोलो कप सुरू झाली ती डिझेल गाड्यांवर, पुढे ती पेट्रोलवर आली. तेव्हा “गाड्या पेट्रोलच्याच ना” हेसुद्धा गृहीत धरू नका.

आता करार. नावाचा क्रम आधी सोडवा. आपल्याकडे अशा मालिका बहुतेकदा जेके टायर किंवा एमआरएफच्या नावाने होणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धांच्या वीकेंडला बसवलेल्या असतात. म्हणजे आधी टायर कंपनीचं नाव, मग गाडीच्या कंपनीचं, मग तुमचं. बातमीत जागा कमी पडली की कात्री तिसऱ्या नावाला लागते. “यांच्या सहकार्याने” ही ओळ फुकट मिळाली तरी घेऊ नका, ती कुणी छापत नाही. पैसे देताय तर नाव मालिकेच्या नावातच विणून घ्या, सुपरकपसारखं. २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी ही मोटारसायकलींची शर्यत झाली तेव्हा शर्यतीचं अधिकृत नावच इंडियनऑइल ग्रां प्री ऑफ इंडिया होतं. त्यामुळे बातमी देणाऱ्याला ते नाव गाळायला जागाच राहिली नाही.

वर्ग नीट लिहा. “इंधन” म्हटलं की तेल त्यात येत नाही. इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक फ्लुइड हे वेगळे वर्ग आहेत, आणि गाडीच्या कंपनीचा कुठल्यातरी ऑइलवाल्याशी आधीच करार असतो. तुमच्या कंपनीची दोन्ही उत्पादनं असतील तर दोन्ही नावं लिहून मागा, आणि एक मिळणार नसेल तर ते आत्ताच कळू द्या. मुदत, पैसे, रद्द झाल्यास काय, हे वकील बघतील.

आणि करारातच ही ओळ: “सराव, पात्रता फेरी आणि सर्व शर्यती यांत फक्त प्रायोजकाने पुरवलेलं इंधन वापरलं जाईल.” शब्द थोडे इकडेतिकडे झाले तरी चालतील, पण “सराव” हा शब्द गाळू देऊ नका. शुक्रवारच्या सरावात दुसरं पेट्रोल गेलं की शनिवारी टाकीत मिश्रण असतं.

पण करारातली ओळ टीमना बांधत नाही. त्यांना बांधते ती नियमपुस्तिका. तीच ओळ मालिकेच्या तांत्रिक नियमांत आली पाहिजे, आणि ते नियम देशातल्या मोटरस्पोर्टच्या फेडरेशनकडून, म्हणजे एफएमएससीआयकडून मंजूर होतात. सीझन सुरू झाल्यावर बदल करायचा तर पुन्हा बुलेटिन, पुन्हा मंजुरी, टीमची कुरकुर वेगळीच. तेव्हा मसुदा मंजुरीला जाण्याआधी स्वतः वाचा, इंधनाचं कलम उघडून वाचा. आमच्या वेळी तिथे “बाजारात मिळणारं अनलेडेड पेट्रोल” एवढंच होतं. एवढ्यावर कुठल्याही पंपाचं पेट्रोल नियमात बसतं.

त्याचा परिणाम दुसऱ्या राउंडला दिसला. एका ड्रायव्हरने पुढच्या गाडीच्या पेट्रोलवर हरकत घेतली. तपासनिसांनी टाकीतून नमुना काढला. पण तुलना कशाशी करायची? मूळ पेट्रोलचा सीलबंद नमुना कुणी ठेवलाच नव्हता. निकाल संध्याकाळपर्यंत लटकला. पॅडॉकभर पेट्रोलचीच चर्चा, आणि ती करणाऱ्या प्रत्येकाच्या टी-शर्टवर आमचा लोगो. ज्या पेट्रोलशी आमचा संबंध नव्हता त्यावरून नाव आमचं निघालं. तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे: लॉट ट्रॅकवर उतरला की सगळ्यांसमोर तीन धातूच्या बाटल्या भरायच्या, सील करायच्या, त्यावर लॉट क्रमांक आणि तारीख घालायची. एक तपासनिसांकडे, एक आयोजकांकडे, एक आपल्याकडे. दहा मिनिटांचं काम आहे. शिवाय १५ अंश सेल्सिअसला आणलेली घनता लिहून ठेवा. पंपावर हायड्रोमीटर आणि थर्मामीटर घालून बघतात तीच. बीएस-६ पेट्रोलची ती ७२० ते ७७५ किलो प्रति घनमीटर यात असते, पण आपल्याला तो पट्टा नको, आपल्या लॉटचा नेमका आकडा हवा.

आता पेट्रोल तिथे पोचवायचं कसं. लोक इथेच अडकतात, म्हणून दमाने वाचा. आधी हिशोब. समजा १६ गाड्या. दोन सराव, एक पात्रता फेरी, तीन शर्यती मिळून प्रत्येक गाडी वीकेंडला साधारण २०० किलोमीटर पळते. शर्यतीत लिटरला ४ किलोमीटर धरा. गाडीमागे ५० लिटर, सगळ्यांचं ८००, वर पाव भाग राखीव. म्हणजे १००० लिटर, २०० लिटरची पाच बॅरलं. तुमचे आकडे इंजिनियरकडून घ्या, मी पद्धत सांगतेय.

आणि कायदा काय म्हणतो? पेट्रोल हे क्लास ए, म्हणजे २३ अंशांच्या खाली पेट घेऊ शकणारी वाफ सोडणारं. विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याविना ठेवता येतं. तुम्हाला ठेवायचं आहे १०००. पेट्रोलियम कायदा १९३४ चा, नियम २००२ चे, आणि हे बघणाऱ्या पेसो या संस्थेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. ट्रॅकवर परवान्याची साठवण आहे का, किती लिटरची, कुणाच्या नावावर, मुदत कधी संपते, याची प्रत हातात घ्या. “आहे हो मॅडम, दरवर्षी करतो” याला प्रत म्हणत नाहीत. नसेल तर ते काम सीझनच्या चार-पाच महिने आधी सुरू करा. वाहतूकही तशीच: टेम्पोत बॅरल टाकून नेण्याचा विषय नाही, परवानगीचं वाहन आणि त्याचा प्रशिक्षित चालक लागतो. डिझेल घरपोच मिळतं म्हणून पेट्रोलचा बाउझर, म्हणजे छोटा टँकरही ट्रॅकवर येईल असं धरून चालू नका.

चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई आणि कोइंबतूरचं कारी ही दोन ठिकाणं धरून बोलतेय, कारण पुण्या-मुंबईतून निघालेला प्रत्येक प्रायोजक शेवटी तिकडेच जातो. आपल्या कंपनीचं तिथलं डेपो आणि सगळ्यात जवळचा पंप आधी शोधा. तिथे तुमचं प्रीमियम पेट्रोल खरोखर मिळतं का, हे फोनवर नाही, जाऊन बघा. एक्सपी१००, पॉवर ९९, स्पीड ९७ ही नावं जाहिरातीत देशभर असतात, पंपावर मात्र निवडक ठिकाणीच. बॉनेटवर प्रीमियमचं नाव आणि टाकीत साधं पेट्रोल, ही माझ्या चुकीचीच धाकटी बहीण आहे.

इथेनॉल विचारा. आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे. इंजिनाचं मॅपिंग (संगणकातलं सेटिंग) कुठल्या मिश्रणावर केलंय ते गाडीच्या कंपनीकडून लेखी घ्या, आणि तेच मिश्रण सीझनभर द्या. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. चेन्नईच्या दमट हवेत अर्धवट भरलेलं, सैल बुचाचं बॅरल दोन राउंडच्या मधे ठेवून देणं म्हणजे स्वतःहून खोड काढणं. उरलेलं पुढच्या राउंडला वापरू नका. आणि इतकं सगळं झाल्यावरही एकदा विचारा, टाकीत कुणाचं पेट्रोल?

स्टिकर. लोगोची फाइल वेक्टरमध्ये द्या, पुढे काही बोलत नाही. फक्त गाडीवर काय झाकायचं नाही ते छापणाऱ्याला चित्र काढून द्या: टो-हुकचा (गाडी ओढायच्या कडीचा) बाण, बॅटरी तोडायच्या स्विचजवळचा निळा त्रिकोण आणि त्यातली लाल वीज, अग्निशामकाचा पांढऱ्या गोलातला लाल ‘ई’, आणि नंबराची पाटी. अपघातात ट्रॅकवरचा मार्शल मदतीला धावत येतो तेव्हा त्याला हीच चिन्हं शोधायची असतात. आमचा एक लोगो त्या त्रिकोणाच्या कडेवर चढला होता. स्क्रूटिनीत, म्हणजे शर्यतीआधीच्या तपासणीत गाडी थांबली, मेकॅनिकने हेअर ड्रायरने व्हिनाइल तापवून कड सोलली, हाताने कापली, आणि नंतर सगळ्या फोटोंत आमच्या नावाचं शेवटचं अक्षर अर्धं.

सूटवर लोगो इस्त्रीने चिकटवू नका. कधीच नाही. ड्रायव्हरचा सूट एफआयए ८८५६-२०१८ मानकाचा असतो, आगीत माणसाला काही सेकंद मिळावेत म्हणून. लोगो शिवायचा तो फक्त बाहेरच्या थरावर, आग न धरणाऱ्या धाग्याने, आग न धरणाऱ्या अस्तरावर. कोपऱ्यावरच्या एम्ब्रॉयडरीवाल्याकडे टाकलात तर तो आतल्या थरापर्यंत सुई घालून देईल आणि साधा पॉलिस्टर धागा वापरेल. पोर्ट्रेट कितीही सुंदर येवोत, तो सूट घालून कुणाला गाडीत बसवायचं नाही. आपण पेट्रोलवाले आहोत, निदान हे तरी आपल्याला कळायला हवं.

कराचं एकच सांगते. १६ जानेवारी २०२५ पासून प्रायोजकतेची सेवा देणारी कंपनी असेल तर जीएसटी ती लावते. समोर क्लब किंवा इतर संस्था असेल तर तुमच्या कंपनीला रिव्हर्स चार्जने, म्हणजे सेवा घेणाऱ्यानेच भरावा लागतो का, हे सीएला आधी विचारा. पेट्रोल जीएसटीत नाही, त्यावर राज्याचा व्हॅट, त्याचं क्रेडिट मिळत नाही. म्हणजे पाच बॅरलांची पूर्ण किंमत खर्चात धरा. माझ्या बजेटमध्ये ती शून्य होती. का, ते वर लिहिलंय.

शर्यतीचा आठवडा. बुधवारीच माणूस पाठवा. शुक्रवारी पाठवू नका, मी शुक्रवारी गेले होते. त्याने बॅरलांसमोर उभं राहून फोटो पाठवायचा: रंग, नाव, लॉट क्रमांक, सील. फोटो आल्याशिवाय तुम्ही दुसरं काम करायचं नाही. भरण्याची जागा गॅरेजपासून वेगळी, सावलीत, वारा खेळेल अशी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते आणि लांबची ठिणगी शोधते. बॅरल आणि कॅन यांना जोडणारी अर्थिंगची तार हवी, अग्निशामक हाताशी, मोबाइल लांब. एक जबाबदार माणूस आणि एक वही: गाडी नंबर, लिटर, वेळ, सही. आमंत्रित पाहुणे, व्हीआयपी पास, टोप्या, छत्र्या, हे दुसऱ्या कुणालातरी द्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरला तिकडे पाऊस असतो, तंबू पक्का घ्या.

पोडियमची पाटी, ट्रॉफीचं नाव, कॅमेऱ्याचा कोन: एकदा उभं राहून बघा, पुरे. फोटोग्राफरला पिटच्या मागचे फोटोही दाखवूनच पाठवायला सांगा.

राउंड संपल्यावर निकाल अंतिम होईपर्यंत सीलबंद बाटल्या जपा. रिकामी बॅरलं मोजून परत, पावती घ्या. रिकाम्या बॅरलात वाफ असते, कुणाला कापायला देऊ नका. बिलं पंधरा दिवसांत. आणि पुढच्या राउंडच्या आधीच्या बुधवारी पुन्हा बॅरलांचा फोटो.