जॉब कार्डवर लिहून घ्या

दुचाकी घेऊन चौदा महिने झाले होते आणि पुढच्या शॉकअपमधून ऑइल गळायला लागलं. मानेवाड्याहून सीताबर्डीला रोजचं जाणं-येणं, त्यात नागपूरची धूळ. रॉडवर तेलकट काळं कडं जमायचं, बोट फिरवलं की काळं व्हायचं. शोरूमवाले म्हणाले, "ऑइल सील वॉरंटीत येत नाही, पैसे लागतील." (ऑइल सील म्हणजे ऑइल अडवून धरणारी रबरी रिंग.) दोनदा गाडी ठेवून घेतली, दोन्ही वेळा नुसती पुसून परत दिली. खूप संताप आला. कष्टाच्या पैशाची गाडी आहे.

तिसऱ्यांदा जाण्याआधी वॉरंटीचं पुस्तक नीट वाचलं. वगळलेल्या भागांच्या यादीत सील नव्हतंच! मग जॉब कार्डवर, म्हणजे गाडी देताना तक्रार लिहितात त्या कागदावर, "जनरल चेकअप" लिहू दिलं नाही. "उजव्या फोर्कमधून ऑइल गळती, तिसरी तक्रार" असं किलोमीटरसकट लिहून घेतलं (फोर्क म्हणजे पुढचं शॉकअपच), फोटो काढला. सुपरवायझरला म्हटलं, "दादा, नाही म्हणायचं तर कारण लेखी द्या." त्यांनी दिलं नाही.

त्याच रात्री तिन्ही जॉब कार्ड आणि फोटो जोडून कंपनीला ईमेल केला. चार दिवस उत्तर नाही, म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली. आठवड्याभरात शोरूममधूनच फोन आला. दोन्ही सील बदलले, बिल शून्य. जुने सील मी मागून घेतले. एकाची कड फाटलेली होती.

नसतं झालं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार होतो. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही.