गो-लाइव्हच्या आधी: डॉक्टरांना जाणाऱ्या क्वेरींची तयारी

अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचं कोडिंग (डॉक्टरांच्या नोंदींवरून बिलासाठी आजारांचे कोड लावणं) पुण्यात किंवा नवी मुंबईत बसून करणाऱ्या टीमला कधीतरी हा मेल येतोच: अमुक तारखेपासून क्लायंट नव्या ईएमआरवर (पेशंटचं रेकॉर्ड कॉम्प्युटरवर ठेवणाऱ्या सिस्टिमवर) जातोय, ट्रेनिंगच्या लिंक सोबत जोडल्या आहेत. ट्रेनिंगमध्ये कुठलं बटण कुठे आहे ते दाखवतात. डॉक्टरांना विचारलेल्या क्वेरींचं, म्हणजे नोंदीत काही अस्पष्ट असलं की पाठवलेल्या लेखी प्रश्नांचं, काय होणार, हे आपण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. त्यामुळे ही तयारी टीम लीडने स्वतःच करून ठेवलेली बरी.

पहिलं काम जुन्या, उत्तर न आलेल्या क्वेरींचं. पेशंटचा डेटा नव्या सिस्टिममध्ये येईल, पण उघड्या क्वेरी आपोआप येतील असं धरून चालू नका. गो-लाइव्हच्या, म्हणजे नवी सिस्टिम प्रत्यक्ष सुरू होण्याच्या, दोन-तीन आठवडे आधी सगळ्यांची यादी काढा, वयानुसार लावा आणि कुठल्या जुन्या सिस्टिममध्येच बंद होणार, कुठल्या पुन्हा टाकाव्या लागणार हे हॉस्पिटलच्या सीडीआय टीमकडून (डॉक्टरांच्या नोंदी नेमक्या आणि पूर्ण आहेत का ते बघणारी टीम) लेखी घ्या. डिस्चार्जनंतर ३० दिवसांत रेकॉर्ड पूर्ण व्हावं असा मेडिकेअरचा (अमेरिकेच्या सरकारी आरोग्य विम्याचा) नियम आहे, आणि क्वेरी अडकली की बिलही अडकतं. खरी पंचाईत होते ती गो-लाइव्हच्या दिवशी ॲडमिट असलेल्या पेशंटांची. त्यांचा अर्धा चार्ट इकडे, अर्धा तिकडे. अशा पेशंटच्या क्वेरीत नोटची तारीख, वेळ आणि ती कुठल्या सिस्टिममध्ये आहे हे लिहायचंच. डॉक्टर शोधत बसणार नाहीत.

मग क्वेरी जाणार कुणाकडे? सर्वांत जास्त वेळ इथे द्या. कागदाच्या काळात फॉर्म चार्टला लावलेला असायचा आणि त्या दिवशी राउंडला येणाऱ्या डॉक्टरच्या तो नजरेस पडायचा. ईएमआरमध्ये क्वेरी एका नावाच्या इनबॉक्समध्ये जाते. अमेरिकेत बरेच हॉस्पिटलिस्ट (फक्त ॲडमिट पेशंट बघणारे डॉक्टर) सलग सात दिवस काम करतात आणि पुढचे सात दिवस सुटीवर असतात. बुधवारी शिफ्ट संपलेल्या डॉक्टरला तुम्ही गुरुवारी क्वेरी टाकली, तर ती आठवडाभर पडून राहते, आणि इकडे आपल्या रिपोर्टमध्ये मात्र ‘पाठवली’ असं हिरवं दिसतं. म्हणून विचारून घ्या: सुटीवरच्या डॉक्टरची क्वेरी दुसऱ्याकडे वळते का, ग्रुपचा सामायिक इनबॉक्स आहे का, आणि पेशंट अजून ॲडमिट असेल तर आजचा अटेंडिंग (पेशंटची मुख्य जबाबदारी असलेला डॉक्टर) कोण हे आपल्याला कुठे दिसेल? कन्सल्टंट (सल्ल्यासाठी बोलावलेला तज्ज्ञ) एक म्हणतोय आणि अटेंडिंग दुसरंच, अशी विसंगती असेल तर क्वेरी अटेंडिंगलाच जाते, हे नव्या मुलांना आधी सांगून ठेवा. वेळेचंही बघा. न्यूयॉर्कच्या बाजूला सकाळचे सात म्हणजे उन्हाळ्यात आपले दुपारचे साडेचार, हिवाळ्यात साडेपाच. राउंडच्या आधी क्वेरी समोर हवी असेल तर आपली शिफ्ट त्या हिशोबाने लावावी लागते.

टेम्प्लेट तयार मिळाले म्हणून तसेच वापरू नका, एकेक उघडून वाचा. अहिमा (हेल्थ रेकॉर्ड सांभाळणाऱ्यांची) आणि ॲकडिस (सीडीआयवाल्यांची) या दोन अमेरिकन संस्थांनी मिळून काढलेली क्वेरीची मार्गदर्शक तत्त्वं २०२२ मध्ये सुधारली गेली. क्वेरीच्या मजकुराइतकंच तिचं शीर्षकही डॉक्टरला उत्तर सुचवणारं नसावं, असं त्यांत आहे. कागदी फॉर्मवर शीर्षकाकडे कोण बघत होतं! इथे टेम्प्लेटचं नावच इनबॉक्सच्या ओळीत झळकतं. समजा सोडियम १२६, दुसऱ्या दिवशी १२९, पाणी दिवसाला एक लिटरवर आणलंय, रोज तपासणी चालू आहे, पण नोटमध्ये निदान कुठेच नाही. नुसत्या लॅबच्या आकड्यावरून कोड लावता येत नाही, म्हणून विचारणं भाग आहे. पण टेम्प्लेटचं नाव ‘हायपोनेट्रेमिया (रक्तात सोडियम कमी) क्वेरी’ असेल तर प्रश्न वाचायच्या आधीच उत्तर देऊन झालं. ‘लॅब निष्कर्षाबाबत स्पष्टीकरण’ एवढं नाव पुरे. खाली आकडे तारखांसह, दिलेले उपचार, आणि पर्याय: हायपोनेट्रेमिया, वैद्यकीय महत्त्व नसलेला निष्कर्ष, इतर, सांगता येत नाही. पैशाचा, डीआरजीचा (निदानावरून बिलाची रक्कम ठरवणाऱ्या गटाचा) किंवा क्वालिटी स्कोअरचा उल्लेख कुठेही नको. नोटमध्ये नसलेलं नवं निदान हो-नाहीच्या प्रश्नात घालायचं नाही. हो-नाहीचा प्रश्न ॲडमिशनच्या वेळी आजार होता का, अशा मोजक्या बाबींपुरता. आणि मागच्या ॲडमिशनची माहिती आता एका क्लिकवर दिसते म्हणून ती प्रत्येक क्वेरीत चिकटवू नका. सध्याच्या उपचाराशी संबंध असेल तरच घ्या.

काय विचारायचं नाही, याचीही यादी करा. माझ्या मते ही यादी काय विचारायचं याच्या यादीपेक्षा महत्त्वाची, कारण ईएमआरमध्ये क्वेरी टाकणं इतकं सोपं होतं की पहिल्या महिन्यात डॉक्टर वैतागतात आणि मग कामाच्या क्वेरीही न वाचता बंद करतात. नोटमध्ये एचएफपीईएफ (हृदयाची पंप करण्याची ताकद टिकून असलेला हार्ट फेल्युअर) लिहिलं असेल तर तो डायस्टॉलिक हार्ट फेल्युअर धरता येतो, २०१६ पासून ती मुभा आहे. तो प्रकार पुन्हा विचारू नका. तो अक्यूट की क्रॉनिक हे मात्र लिहिलेलं नसेल तर विचारा. इनपेशंटच्या डिस्चार्ज समरीत ‘प्रोबेबल न्यूमोनिया’ असेल तर त्याचाही कोड लागतो. याउलट ‘युरोसेप्सिस’ हा (लघवीच्या इन्फेक्शनसाठी ढोबळपणे वापरला जाणारा) शब्द दिसला की विचारलंच पाहिजे, त्याला स्वतःचा कोडच नाही.

उत्तर कुठे उतरतं ते बघा. काही सिस्टिममध्ये डॉक्टर पर्यायावर टिक करतो आणि ते उत्तर क्वेरीच्या खिडकीतच राहतं. प्रोग्रेस नोटमध्ये नाही, डिस्चार्ज समरीतही नाही. पुढे पेयरने (बिल भरणाऱ्या विमा कंपनीने किंवा योजनेने) ऑडिटमध्ये चार्ट मागवला की ते निदान आख्ख्या रेकॉर्डमध्ये एकदाच, आपल्याच प्रश्नाखाली सापडतं. क्वेरी कायमच्या रेकॉर्डचा भाग आहे की नुसतं कार्यालयीन कागदपत्र, हे हॉस्पिटलचं धोरण लेखी मागून घ्या. दुसरी डोकेदुखी कॉपी-फॉरवर्डची, म्हणजे आदल्या नोटचा मजकूर पुढच्या नोटमध्ये तसाच उतरवण्याची. पहिल्या दिवशीचं ‘अक्यूट रेस्पिरेटरी फेल्युअर’ पाचव्या दिवशीच्या नोटमध्येही जसंच्या तसं असतं आणि पेशंट तोवर ऑक्सिजनशिवाय फिरत असतो. तिथे निदान आहे, पण त्याला आधार दिसत नाही. त्यासाठी क्लिनिकल व्हॅलिडेशनची वेगळी क्वेरी लागते, आणि ती कोण टाकणार, कोडर की सीडीआयची नर्स, हे आधी ठरवा.

राहिलेलं थोडक्यात. उत्तर आलं नाही तर किती दिवसांनी कुणाकडे जायचं आणि फिजिशियन ॲडव्हायजर (कोडिंगवाले आणि डॉक्टर यांच्यातला दुवा असलेला हॉस्पिटलचा डॉक्टर) कोण, हे नावानिशी हवं. सिस्टिम बंद पडली तर क्वेरी थांबवायच्या की कागदावर लिहायच्या, तेही. व्हॉट्सॲपवर पेशंटचं काहीही नाही, स्क्रीनशॉट तर मुळीच नाही. फोनवर विचारलेल्या प्रश्नालाही लेखी क्वेरीचेच नियम लागतात आणि त्याची नोंद ठेवावी लागते.

शेवटी टेस्ट एन्व्हायर्नमेंटमध्ये एका खोट्या पेशंटवर एक क्वेरी टाका, हॉस्पिटलच्या एखाद्या डॉक्टरला तिचं उत्तर द्यायला सांगा आणि ते उत्तर कोडरच्या स्क्रीनवर कसं दिसतं ते बघा. दिसलं नाही, तर पुढच्या गो-लाइव्ह कॉलमध्ये तो मुद्दा आपणच काढायचा, आयटीची वाट बघायची नाही.