मिथेन कमी सोडणाऱ्या गाई हव्यात? वळू असा निवडा

गोठा शांत झाला की रवंथ करणाऱ्या गाईजवळ पाच मिनिटं बसा. घास पन्नासेक वेळा चघळून ती गिळते, क्षणभर थांबते, मग गळ्यावरून एक लहर खालून वर सरकते आणि पुढचा घास तोंडात येतो. अधूनमधून आवाज न करता ढेकर सुटतो. मिथेन वायू बाहेर पडतो तो इथून, तोंडातून; मागून अगदी थोडा. दुभत्या गाईचा दिवसाला साधारण ३०० ते ५०० ग्रॅम. चाऱ्यातली सुमारे ६ टक्के ऊर्जा अशी हवेत जाते, दुधात येत नाही. मला ते मनापासून लागतं.

हा गुण पुढच्या पिढीत उतरतो, पण बेताचाच. गाईगाईंतल्या फरकापैकी ढोबळमानाने १० ते ३० टक्के भाग रक्तातून येतो. म्हणून एका वळूवर भिस्त नको.

आकडा कोणता बघायचा, इथेच बहुतेक जण चुकतात. मीही चुकलो. दिवसाचा एकूण मिथेन कमी म्हणून एका गाईची कालवड राखली. ती गाय मुळात खातच कमी होती. कालवडही तशीच निघाली: व्याल्यावर अंग उतरलं, दूध जेमतेम, आणि माजावर यायला चार महिने. तेव्हापासून मी दुधाच्या मानाने मिथेन किती, एवढंच बघतो. कॅनडात लॅक्टानेट या दूध-नोंदी ठेवणाऱ्या संस्थेने एप्रिल २०२३ पासून होल्स्टीन गाईंसाठी असा निर्देशांक दिलाय. नेहमीच्या दूध तपासणीतल्या अवरक्त किरणांच्या नोंदींवरून तो काढतात, आणि दूध, फॅट, प्रथिनं यांना धक्का लागणार नाही अशी त्याची बांधणी आहे.

वळूंची यादी हातात आली की आधी लेकींची गाभण राहण्याची क्षमता, कासदाह (कासेची सूज) आणि खूर बघा. यात कच्चे असलेले वळू तिथेच बाद. मग दूध-फॅट. उरलेल्यांत मिथेनचा आकडा. आणि नातं तपासा, गाईचा बाप किंवा आजा पुन्हा तिच्याच वाट्याला येता कामा नये. चार-पाच वळू आलटून पालटून वापरा.

असा निर्देशांक मिळत नसेल तर हात बांधले गेले असं समजू नका. टिकाऊ गाईंच्या लेकी राखा. पहिलं वेत २४ महिन्यांच्या आसपास झालं पाहिजे, कारण कालवड दूध देत नसली तरी ढेकर देतेच. पाच वेतं टिकलेल्या गाईत त्या बिनदुधाच्या वर्षांतला मिथेन जास्त लिटरांवर वाटला जातो.

आज रेतन केलेल्या गाईची कालवड दुधात यायला जवळजवळ तीन वर्षं जातात. मिथेन कमी करणारं खाद्य बंद केलं की त्याचा गुण संपतो, रक्तात आलेलं मात्र लेकीबाळींत राहतं. तोवर कानातल्या बिल्ल्याच्या नंबरापुढे वळूचं नाव आणि रेतनाची तारीख लिहीत चला. वळूंचे आकडे नव्या नोंदींनुसार बदलतात; कुठली कालवड कुणाची, हे तेव्हा वहीतच सापडतं.