हॅशबोर्ड दुरुस्त करताय? हॉट एअर गन उचलण्याआधी या चुका टाळा

कोपरखैरण्यातल्या आमच्या घरात एका टेबलावर कायम एखादा उघडा अँटमायनर एस९ असतो, म्हणजे बिटकॉइन मिळवण्यासाठी आकडेमोड करणारं यंत्र, मायनर. त्यातले हॅशबोर्ड, म्हणजे आकडेमोडीच्या चिप्स बसवलेले बोर्ड, मी दुरुस्त करतो. यातून पैसे मिळतील म्हणून हे करू नका. हे यंत्र साधारण १,३५० वॅट खातं, म्हणजे दिवसाला ३२ युनिट. त्यात एप्रिल २०२४ पासून एका ब्लॉकचं (व्यवहारांचा एक गट जोडल्याचं) बक्षीस ३.१२५ बिटकॉइनवर आलंय. मी यंत्र चालवतो ते चाचणीपुरतं, वीस-पंचवीस मिनिटं. पण मेलेला बोर्ड पुन्हा ६३ चिप्स दाखवायला लागला की जो आनंद होतो, त्यासाठी रात्र जागायची माझी तयारी असते.

बोर्डाला दोष देण्याची घाई ही सगळ्यात मोठी चूक. एस९ मधले तीन बोर्ड मायनरच्या स्टेटस पानावर ६, ७, ८ अशा चेन म्हणून दिसतात. एखादी चेन दिसत नसेल तर वीज बंद करून आधी अठरा पिनांची केबल बदला. मग कंट्रोल बोर्डावरची, म्हणजे तिन्ही बोर्डांना हुकूम देणाऱ्या बोर्डावरची, जागा बदला. दोष त्याच बोर्डाच्या मागे मागे फिरला, तरच तो बोर्डाचा. प्रत्येक बोर्डाला सहा पिनांचे तीन कनेक्टर असतात. तिन्ही लावलेच पाहिजेत, आणि तिन्ही एकाच पॉवर सप्लायचे हवेत. एखाद्याचं प्लास्टिक तपकिरी झालं असेल तर तो कनेक्टर सैल बसत होता, असं समजा.

वीज लावण्याआधी मायनर हळूच हलवून ऐका. ऐरोलीच्या एका मित्राने यंत्र आणलं आणि आल्या आल्या म्हणाला, "अरे, चिप गेलीय, हॉट एअर मार." म्हणजे गरम हवेच्या गनने सोल्डर वितळवून चिप काढ. हलवलं तर आत खुळखुळ आवाज. चिपची उष्णता बाहेर टाकणारा एक हीटसिंक (धातूचा तुकडा) गोंद सुटून खाली पडला होता आणि शेजारच्या दोन हीटसिंकमध्ये आडवा अडकला होता. तसंच चालू केलं असतं तर शॉर्ट होऊन एका चिपच्या जागी चार गेल्या असत्या.

आता ज्या चुकीने माझे दोन महिने खाल्ले, ती. एस९ च्या बोर्डावर ६३ चिप्स तीन-तीनच्या २१ गटांत असतात आणि हे गट विजेच्या दृष्टीने एकामागे एक जोडलेले असतात. प्रत्येक गटाच्या वाट्याला साधारण ०.४ व्होल्ट येतात. मी मीटरची काळी प्रोब बोर्डाच्या मुख्य निगेटिव्हवर ठेवून क्लॉक, म्हणजे चिप्सना ताल देणारा सिग्नल, मोजत होतो. ०.९ व्होल्ट हवे, तिथे मधल्या चिप्सवर चार-पाच व्होल्ट दिसत. धडधाकट चिप्स मी खराब ठरवल्या आणि दोन काढूनही टाकल्या. शेवटी बोर्ड घेऊन ठाण्याला नौपाड्यातल्या एका टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी आयुष्यात मायनर पाहिला नव्हता. पाच मिनिटं बघून त्यांनी एवढंच विचारलं, "काळी कुठे लावलीस रे?"

मधल्या गटाचं ग्राउंड बोर्डाच्या ग्राउंडपेक्षा काही व्होल्ट वर असतं. म्हणून प्रत्येक चिपचे सिग्नल तिच्या स्वतःच्या गटाच्या ग्राउंडशीच मोजायचे. तसं मोजलं की क्लॉक ०.९ आणि रिसेट (चिप पहिल्यापासून सुरू करणारा सिग्नल) १.८ व्होल्ट, सरळ दिसतात.

मग ६३ जागा ओळीने तपासत बसू नका. क्लॉक पहिल्या चिपकडून शेवटच्या चिपकडे जातं. मधल्या चिपवर ते मिळालं तर तुटलंय पुढच्या अर्ध्यात, नाही मिळालं तर मागच्या. असं अर्धं-अर्धं करत गेलात की सहा मोजण्यांत जागा सापडते. चिप्सचं उत्तर नेणारी आरआय रेषा मात्र उलटी, शेवटाकडून पहिलीकडे येते, हे विसरू नका. बोर्ड कंट्रोल बोर्डाला न जोडता गटांचं व्होल्टेज मोजलं तर काहीच दिसणार नाही, आणि तो दोष नव्हे. बंद बोर्डावर गटागटाचा रेझिस्टन्स मोजून ठेवा. वीस सारखे आणि एक वेगळा आला, तर शोध तिथून सुरू करा.

आपल्याकडे खाडीची हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे पिना हिरव्या पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसा, पूर्ण वाळू द्या. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर फिरणारा पंखाच वीज तयार करून सर्किटात पाठवतो.

चिप काढायचीच वेळ आली, तर बोर्ड खालून गरम करून घ्या. नुसती वरून हवा मारली तर तांब्याचा जाड बोर्ड उष्णता खेचून घेतो, तुम्ही तापमान वाढवत जाता आणि शेजारच्या चिप्सचं सोल्डर हलतं.

घरात यंत्र लावताना चांगलं अर्थिंग असलेलं १६ अँपिअरचं सॉकेटच वापरा, एक्स्टेन्शन बोर्ड नको. पॉवर सप्लाय मात्र मी उघडत नाही. त्यातला मोठा कपॅसिटर सुमारे ४०० व्होल्टांपर्यंत भरलेला असतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तसाच राहतो. सप्लाय बिघडला की मी सरळ दुसरा आणतो.