शैलाश्रयातील मातीचा पातळ काप कसा करावा आणि कसा वाचावा

पुण्यात पुरातत्त्व शिकणाऱ्याला शैलाश्रय, म्हणजे पुढे झुकलेल्या खडकाखालचा निवारा, अनोळखी नसतो. डेक्कन कॉलेजच्या वि. ना. मिश्र यांनी १९७०च्या दशकात मध्य प्रदेशातील भीमबेटका येथील ‘तीन एफ-२३’ या शैलाश्रयात केलेल्या उत्खननात अश्यूलियन, म्हणजे दगडी हातकुऱ्हाडींच्या, काळापासून मध्याश्मयुगापर्यंतचे थर उजेडात आले. अशा ठिकाणी हत्यारांची नोंद पुरी झाली तरी ती माणसाने टाकली तिथेच आहेत, की पाण्याने, वाळवीने किंवा उंदरांनी हलवली आहेत, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर हत्यारांभोवतीच्या मातीत असते. मात्र त्यासाठी माती चाळून भागत नाही, तिची घडण जशीच्या तशी उचलून तिचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो.

उत्खननाच्या उभ्या छेदातून ठोकळा अशा बेताने कापावा की दोन थरांची सीमा त्याच्या मधोमध येईल. थराच्या पोटातला ठोकळा त्या थरात काय आहे एवढेच सांगतो. वरचा थर शांतपणे साचला की खालचा खरवडून आला, हे सीमेवरच कळते, आणि माझ्या मते सर्वांत मोलाची माहिती तीच. ठोकळ्याला प्लास्टर ऑफ पॅरिसच्या पट्ट्या गुंडाळाव्यात आणि तो छेदातून सुटा करण्यापूर्वीच वरची दिशा दाखवणारा बाण, थर क्रमांक व खोली त्यावर लिहावी.

प्रयोगशाळेत ठोकळा मंद उष्णतेवर पूर्ण वाळवावा. पुण्याच्या पावसाळी हवेत यात घाई नको, कारण ओल राहिली की रेझिन, म्हणजे मातीत मुरून कडक होणारा चिकट द्रव, नीट मुरत नाही. निर्वातात मुरवलेले पॉलिएस्टर रेझिन काही आठवड्यांत कडक झाल्यावर चकती कापून काचेवर चिकटवावी आणि ३० मायक्रॉन, म्हणजे ०.०३ मिलिमीटर, जाडीपर्यंत घासावी. सूक्ष्मदर्शकात एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या ध्रुवकांखाली (प्रकाशाची एकाच दिशेतली कंपने जाऊ देणाऱ्या गाळण्यांखाली) क्वार्ट्झचे, म्हणजे गारेचे, कण राखाडी-पांढरे दिसले तर जाडी जमली. पिवळसर दिसले तर काप अजून जाड आहे.

वाचन कमी विवर्धनापासून सुरू करावे. जागीच तुटलेले, पण कडा अजून जुळणारे हाडाचे तुकडे बहुधा पायांखाली तुडवले गेलेले असतात. गोल पोकळ्या आणि विष्ठेच्या बारीक गोळ्या दिसल्या तर किड्यांनी थर ढवळला आहे, असे समजावे. राखेची ओळख जास्त बारकाईने पटवावी लागते. लाकडातले कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक जळून त्यांचे कॅल्साइट (चुनखडीतले खनिज) होते, तरी आकार मूळचाच राहतो, आणि हे कण काटकोनी ध्रुवकांखाली उजळतात. वनस्पतींच्या पेशींत साचलेले सिलिकेचे सूक्ष्म कण, म्हणजे फायटोलिथ, मात्र तिथे काळे पडतात. दक्षिण आफ्रिकेतील वंडरवर्क गुहेत, तोंडापासून सुमारे ३० मीटर आत, १० लाख वर्षांपूर्वीच्या विस्तवाचा पुरावा २०१२ साली मांडला गेला, तो अशाच कापांतल्या वनस्पतींच्या राखेवर आणि जळलेल्या हाडांवर उभा आहे.

वालुकाश्माच्या आश्रयात आम्ल पाणी राखेतले कॅल्साइट विरघळवू शकते, आणि वटवाघळांची विष्ठाही तेच करते. म्हणून ‘येथे विस्तव नव्हता’ असे लिहिण्यापूर्वी कोळशाचे कण, फायटोलिथ आणि फॉस्फेटी खनिजे शोधावीत, आणि आश्रयाबाहेरच्या मातीचा एक काप तुलनेसाठी शेजारी ठेवावा.