वृद्धाश्रमात डायलिसिसवरील रुग्णांची काळजी : कर्मचाऱ्यांना काय आणि कसे शिकवावे

आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी साधारण चार तास डायलिसिस केंद्रात जाणाऱ्या आजी-आजोबांचा बाकीचा सगळा वेळ वृद्धाश्रमातच जातो, त्यामुळे एकट्या परिचारिकेला शिकवून भागत नाही. स्वयंपाकाच्या मावशी, अंघोळ घालणाऱ्या आया, गाडीचा चालक आणि रात्रपाळीचे कर्मचारी या सर्वांना प्रशिक्षणाला बसवावे.

सुरुवात फिस्टुलाच्या हातापासून करावी; फिस्टुला म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर जोडून केलेली जागा. आजोबांची परवानगी घेऊन प्रत्येकाला त्या जागी हलकेच बोटे ठेवायला सांगावे. मांजर घुरघुरताना तिच्या अंगाला हात लावल्यावर जाणवते तशी थरथर तेथे जाणवते. ही थरथर रोज तपासून वहीत नोंदवावी आणि ती थांबल्यास सकाळची वाट न पाहता लगेच केंद्राला कळवावे, कारण जितका उशीर होईल तितकी फिस्टुला वाचण्याची शक्यता कमी होते. त्या हातावर रक्तदाब मोजू नये, त्यातून रक्त काढू नये, घट्ट बांगडी किंवा घड्याळ घालू नये आणि उठवताना त्या हाताला धरून ओढू नये. सुईच्या जागेतून रक्त येऊ लागल्यास स्वच्छ गॉज ठेवून बोटांनी नेमके त्याच जागी दाबून धरावे. रक्त जोरात उसळत असेल किंवा थांबत नसेल, तर दाब न सोडता दुसऱ्याला १०८ वर फोन करायला सांगावे. हे प्रत्यक्ष करून घ्यावे, नुसते ऐकून ऐन वेळी हात चालत नाहीत. मानेत कॅथेटर (डायलिसिससाठी शिरेत बसवलेली नळी) असलेल्यांची पट्टी कोरडी राहिली पाहिजे आणि थंडी वाजून ताप आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवले पाहिजे.

स्वयंपाकघरासाठी वेगळा तास ठेवावा, कारण येथे मायेपोटीच घात होतो. अशक्तपणा वाटतो म्हणून दिलेल्या नारळपाण्याने रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. एकादशीचे बटाटे, रताळी, शेंगदाणे आणि खजूर यांतही पोटॅशियम भरपूर असते, आणि रक्तदाबासाठी चांगले म्हणून आणलेल्या कमी सोडियमच्या मिठात तर बहुधा पोटॅशियम क्लोराइडच असते. भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळाव्यात आणि ते पाणी आमटीत न वापरता ओतून द्यावे. डायलिसिसपूर्वीच्या पथ्याची सवय म्हणून अंडे किंवा पनीर बंद ठेवणे मात्र चुकीचे आहे; डायलिसिस सुरू झाल्यावर प्रथिनांची गरज वाढते, त्यामुळे प्रमाण आहारतज्ज्ञांकडून नव्याने लिहून घ्यावे.

डॉक्टरांनी ठरवलेले दिवसाचे पाणी सकाळीच बाटलीत मोजून ठेवावे. चहा, ताक, आमटी किंवा बर्फ दिल्यास तेवढे पाणी बाटलीतून काढावे. वजन रोज एकाच काट्यावर घ्यावे. सोमवार-बुधवार-शुक्रवार डायलिसिस असणाऱ्यांसाठी रविवारची रात्र सर्वांत जोखमीची असते, कारण शुक्रवारनंतरचा खंड आठवड्यातला सर्वांत मोठा असतो; त्या रात्री आडवे होताच धाप लागली किंवा हातपाय एकाएकी गळाले, तर तो रुग्णालयात नेण्याचा प्रसंग आहे, हे रात्रपाळीला पक्के ठाऊक असावे. केंद्रातून परतल्यावर रक्तदाब उतरलेला असू शकतो, म्हणून शौचालयात एकटे सोडू नये.

रक्तदाबाची गोळी डायलिसिसच्या दिवशी केव्हा द्यायची, हे केंद्राकडून लेखी घ्यावे, आणि अंगदुखीची कोणतीही गोळी न विचारता देऊ नये. अतिवृष्टीने रस्ता बंद होऊन डायलिसिस चुकल्यास खाण्यापिण्याची मर्यादा किती कडक करायची आणि कोणत्या पर्यायी केंद्रात न्यायचे, हेही पावसाळ्यापूर्वी विचारून कार्यालयात लावून ठेवावे.